जुनी पिकअप घेतलीत, आता आधी ब्रेक बघा



दसरा-दिवाळीच्या सुमारास मुळशी तालुक्यात नव्या गाड्यांबरोबर जुन्या पिकअपही दारात येऊन उभ्या राहतात. भात निघत असतं, इंद्रायणी आणि आंबेमोहोराची पोती गिरणीवर न्यायची असतात, कोळवण खोऱ्यातली भाजी नि पॉलिहाऊसमधली फुलं पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचवायची असतात. दर खेपेला दुसऱ्याला भाडं मोजण्यापेक्षा आपली गाडी बरी, हा हिशेब रास्तच आहे. नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही म्हणून सात-आठ वर्षं चाललेली गाडी घेतली, तर त्यातही काही वावगं नाही. मला काळजी वाटते ती पुढच्या चार-सहा आठवड्यांची. गाडीला हार घालतात, हौद्याला रंग मारतात, गाण्यांसाठी स्पीकर बसवतात आणि लगेच माल भरून गाडी घाटाला लावतात.

आपल्याकडे जुन्या गाडीचं पहिलं काम ब्रेकचं. इंजिन दमदार नसलं तर गाडी चढाला मागे राहील, एवढंच. उताराला ब्रेक लागला नाही तर काय होतं, हे ताम्हिणीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको.

बॉनेट उघडा. ड्रायव्हरसमोर मास्टर सिलिंडरवर ब्रेक ऑइलची छोटी डबी असते. नवं ऑइल फिकट पिवळं, जवळजवळ पारदर्शक असतं. जुन्या गाडीत ते बहुतेक वेळा कोऱ्या चहासारखं काळपट झालेलं दिसतं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. डॉट 3 दर्जाचं कोरं ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे. त्यात ओलावा मुरला की ही मर्यादा 140 अंशांपर्यंत उतरते. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला की ड्रम-डिस्क तापतात आणि आतल्या ऑइलची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ मात्र दाबली जाते. पॅडल थेट तळाला जातं आणि गाडी पुढेच जात राहते. यातली खरी फसवणूक पुढे आहे. गाडी गार झाली की पॅडल पुन्हा नीट लागतं, आणि गॅरेजवाल्याला काहीच दोष सापडत नाही.

म्हणून वरून थोडं नवं ऑइल ओतून भागवू नका. जुनं सगळं काढा, डबीवर लिहिलेल्या दर्जाचंच नवं भरा आणि चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून घ्या. त्याच वेळी मागचे ड्रम उतरवा. व्हील सिलिंडरचं रबर उचलून पाहा. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतो आहे. लायनरला ऑइल लागलं असेल तर पुसून परत बसवू नका, दोन्ही बाजूंचे लायनर बदला. सुटे भाग नाना पेठेत सहज मिळतात, पण ब्रेकच्या भागांना पक्कं बिल घ्या.

आता गाडीच्या मागच्या बाजूला खाली वाका आणि पाटे मोजा. डाव्या-उजव्या बाजूला मूळच्यापेक्षा जास्त पाटे घातलेले दिसले, तर आधीच्या मालकाने क्षमतेबाहेर माल वाहिला आहे असं धरून चाला. मग पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ चासी तारेच्या ब्रशने घासा. रंगाखाली तडा किंवा वेल्डिंगचा जोड लपलेला असू शकतो. आणखी एक गोष्ट फार थोडे लोक बघतात. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. लोडने गाडी खाली बसली की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. जादा पाट्यांमुळे गाडी खाली बसतच नाही, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक अपुरा मिळतो. कित्येक गाड्यांत ही दांडी तुटलेली किंवा तारेने बांधून ठेवलेली असते. जादा पाटे काढून टाका आणि दांडी कंपनीच्या मापाने बसवून घ्या. पोती थोडी कमी बसतील, बसू देत.

पुढचं चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलेला आहे. तो बदलल्याशिवाय गाडी काढू नका.

इंजिनाचं बघायचं ते मुख्यतः पाण्याचं. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं ओढ्याचं पाणी ओतलेलं असेल तर आत क्षार नि गंज साचतो आणि माल भरून चढ चढताना गाडी तापते. रेडिएटर साफ करून कूलंट भरा. इंजिन थंड असताना झाकण उघडून गाडी चालू करा. बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅसकेटचा संशय घ्या. गरम असताना झाकणाला कधीच हात लावू नका. डिझेल फिल्टरच्या तळातलं पाणीही काढून टाका.

घाट उतरताना ज्या गियरमध्ये तो चढला असता, त्याच गियरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवण्याची सवय आपल्या मुलांना लागू देऊ नका.

दुरुस्ती चालू असताना कागद मागे पडू देऊ नका. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी विमा कंपनीकडे 14 दिवसांत अर्ज करावा लागतो.