ज्युबिली आणि शेजाऱ्याचा जामीन



जुन्या करारांतील लेवीयाच्या पुस्तकांत ज्युबिलीचें वर्ष हें केवळ उत्सवाचें वर्ष नव्हे. त्या पन्नासाव्या वर्षीं विकली गेलेली जमीन मूळ धन्याकडे परतत असे आणि दारिद्र्यानें दास झालेला मनुष्य आपल्या घरीं जाई.

आमच्या वसईंत या भावनेशीं जुळणारें कार्य १९१८ सालीं आरंभलें गेलें. मॉन्सिनियर पी. जे. मोनिस यांनीं कॅथॉलिकांची पतपेढी स्थापिली. तीच आजची बसीन कॅथॉलिक सहकारी बँक होय. पतपेढीचें तत्त्व साधें आहे: सभासदांच्या लहान ठेवींतून गरजूस बेताच्या व्याजानें कर्ज द्यावें आणि शेजाऱ्यानें त्यास जामीन राहावें. भिक्षा घेणाऱ्याची मान लवते. कर्ज फेडणाऱ्याची ताठ राहते.

परंतु जिला जामीनच मिळत नाहीं अशी विधवा, किंवा पावसानें पीक गमावलेला, खंडानें जमीन कसणारा शेतकरी, यांनीं कोणाच्या दारीं जावें? त्यांच्या दारीं आपणच गेलें पाहिजे. १८३३ सालीं पॅरिस शहरांत फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या मित्रांनीं जी संस्था काढली, ती पुढें संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नांवानें जगभर पसरली. गरिबाच्या घरीं जाऊन त्यास भेटणें हाच तिचा मुख्य परिपाठ आहे. लाजेनें झांकलेलें दुःख ख्रिस्तमंदिराच्या पायरीपर्यंत येत नाहीं.

म्हणून माझी विनंति इतकीच, कीं ज्युबिलीचे दिवे मालवण्यापूर्वीं प्रत्येक आळींतील दोघांनीं अशा एका कुटुंबाची भेट घ्यावी, आणि लागेल तेथें त्यास जामीन राहावें.