खाडीपलीकडचं गोराई

तुळशी तलावाकडून निघालेली दहिसर नदी मंडपेश्वर लेण्यांजवळून वाहत पश्चिमेला मनोरीच्या खाडीत उतरते. या खाडीच्या पलीकडे मनोरी, गोराई, उत्तन ही गावं आहेत. हा सारा पट्टा म्हणजे जुनं धारावी बेट.

वसईच्या खाडीच्या मुखाशी असल्यानं या बेटाला लष्करी मोल फार होतं. म्हणूनच 1739 मध्ये वसई घेण्याआधी चिमाजी अप्पांच्या सैन्यानं इथला धारावी किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला.

गोराईत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या शेती आणि मासेमारी करत आली. चर्च, जुनी कौलारू घरं, जेवणात बॉटल मसाला आणि घराघरांत बोलली जाणारी मराठी बोली, हीच गोराईची खरी श्रीमंती.

किनाऱ्याजवळचा विपश्यना पॅगोडा 2009 मध्ये खुला झाला. त्याच्या दगडी घुमटाखाली आधाराचा एकही खांब नाही, आणि सुमारे 8,000 साधक तिथे एकत्र बसू शकतात!

बोरिवलीच्या जेट्टीवरून बोट काही मिनिटांत पलीकडे नेते. भाईंदर-उत्तनमार्गे रस्ताही आहे. गेलात, तर केवळ पॅगोडा पाहून परतू नका, गावातही अवश्य फिरा.