प्रवासाचा शेवटचा दिवस

प्रवासाचा शेवटचा दिवस मोठा फसवा असतो. शरीर वाटेवर असतें आणि मन मुक्कामावर जाऊन पोंचलेलें असतें. शिवाय पाहावयाचें जें राहिलें तें आजच पाहून घ्यावें, असा लोभहि उत्पन्न होतो. मनालीहून लेहला मोटारीनें जातांना या लोभाची परीक्षा मला द्यावी लागली.

पांगचा मुक्काम आम्हीं पहाटे सोडला. तेथून लेह सुमारें पावणेदोनशें किलोमीटर. घाट चढून जातांच मोरे नांवाचें पठार लागलें. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरांहून उंच अशा त्या प्रदेशांत झाड म्हणून दृष्टीस पडत नाहीं. दुतर्फा पिंगट डोंगर, आणि मधून सरळ गेलेली सडक. याच बाजूस त्सो-कर, म्हणजे 'पांढरें सरोवर', आहे. त्याच्या कांठीं मिठाचे थर सांचतात आणि काळ्या मानेचे क्रौंच तेथें घरटीं करितात. तें पाहण्याचा माझा निश्चय होता.

इतक्यांत पत्नीचें मस्तक दुखूं लागलें. मळमळ सुरू झाली. फांटा येतांच ती म्हणाली, "अहो, माझ्यासाठीं सरोवर सोडूं नका." मी घुटमळलों. आमच्या लडाखी सारथ्यानें मात्र शांतपणें सांगितलें, "मागें पांग उंच, पुढें खिंड त्याहून उंच. आतां सुटका आहे ती खिंडीपलीकडच्या उतारांत." विरळ हवेच्या दुखण्यावर खरा उपाय एकच : खालीं उतरणें. आम्हीं फांटा सोडला.

'ला' म्हणजे खिंड. २०२० सालीं अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगचा घाट टळतो. परंतु या सडकेनें जाणाऱ्यास तंगलंग-ला टळत नाहीं. तिची उंची ५,३०० मीटरांहून अधिक, आणि तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या निम्म्याहून थोडासाच जास्त. माथ्यावर रंगीत पताका फडफडत होत्या. मोटार क्षणभरहि थांबली नाहीं.

वळणामागून वळण उतरत आम्ही रुमत्से गांवापाशीं आलों. ओढ्याकांठीं जवाचीं शेतें दिसलीं. पत्नीनें डोळे उघडले, खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "हिरवें!" पुढें उपशीला सिंधु भेटली, आणि तिच्या सोबतीनें दिवेलागणीस आम्ही लेहला सुखरूप पोंचलों.

त्सो-कर मीं अजून पाहिलेलें नाहीं. त्याची थोडी खंतहि आहे. तथापि जवाच्या त्या चिमुकल्या शेताइतकें सुंदर दृश्य साऱ्या प्रवासांत दुसरें पाहिल्याचें मला आठवत नाहीं.