‘शाळा’चा शेवट आणि मे महिन्यातली बदली

आज बोलूया मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’बद्दल. आधीच सांगतो, शेवट फोडणार आहे. वाचली नसेल तर इथेच पॉज करा, वाचून या.

मौजेनं 2004 साली काढलेली ही कादंबरी. काळ आणीबाणीचा. नववीतला मुकुंद जोशी आणि वर्गातली शिरोडकर. आपण पानं उलटतो ती एकाच प्रश्नासाठी: यांचं पुढे काय होणार? आणि शेवटी कळतं काय, तर शिरोडकर गाव सोडून गेली!

वाटतं, लेखकानं फसवलं. पण परत वाचा. एरर आली की आम्ही मागचे लॉग उघडतो ना, तसं. सगळी गोष्ट जोशी सांगतोय. ती कधी बघते, कधी हसते, त्याला सगळं पाठ. पण तिच्या घरात काय बोलणं चाललंय, हे त्याला ठाऊकच नाही. मग आपल्याला कुठून कळणार?

आपल्या बुलढाण्यात, मेहकर-चिखलीला शिकलेल्यांना हे नवीन नाही. बँकेतल्या, तहसीलमधल्या माणसाची बदली झाली की मे महिन्यात सामान टेम्पोत आणि जूनमध्ये वर्गातली एक जागा रिकामी. आज निदान इन्स्टावर नाव टाकून बघता येतं. जोशीकडे तेवढंही नव्हतं.

तुमच्या वर्गातून असं न सांगता कोण गेलं? व्हॉइस नोट पाठवा. नाव मात्र घेऊ नका. भेटू पुढच्या भागात!