कारभारी कुणाचा?

(घोडेगाव येथे कार्यकर्ते आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचा हा संपादित पाठ.)



कलाशाखेच्या पदवीधराला संगणकावर बोलायला बोलावलेत, याचे प्रथम मलाच आश्चर्य वाटले. मी तंत्रज्ञ नाही. खिळे जुळवणारे अखेरचे कंपोझिटर मी पाहिले आणि गेली पंचवीस-तीस वर्षे संगणकावर मजकूर लिहून उपजीविका करतो आहे. त्यामुळे यंत्र कसे बनते हे मी सांगणार नाही. ते वापरणाऱ्या सामान्य माणसाची बाजू तेवढी मांडणार आहे.

काल दुपारी येथे पोहोचलो तेव्हा कार्यक्रमाला बराच अवकाश होता. पाय मोकळे करावेत म्हणून बाजारपेठेकडे गेलो. आपले गाव तालुक्याचे ठिकाण. तहसील कचेरी येथे, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय येथे. पश्चिमेच्या खोऱ्यांतून माणसे दाखल्यांसाठी, मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी येथेच येतात. अर्ज भरून देणाऱ्या एका केंद्रात एक गृहस्थ मुलीला घेऊन बसले होते. चालकाने संगणक सुरू केला, तर पडद्यावर सूचना आली की अद्ययावतीकरण चालू आहे, यंत्र बंद करू नये. पाऊण तास गेला. मग यंत्र जागे झाले आणि अर्जाच्या आधी कसला तरी खेळ आणि साठवणुकीची जागा विकत घेण्याचे आमंत्रण पडद्यावर आले. ते गृहस्थ सारखे घड्याळ पाहत होते, कारण त्यांना शेवटची एसटी गाठायची होती. चालक ओशाळून मला म्हणाला, "साहेब, संगणक मी घेतला, हप्ते मी फेडले, पण आत बसलेला माझं ऐकत नाही."

ती प्रणाली कोणत्या कंपनीची, हे मी विचारले नाही. मात्र त्याचे वाक्य रात्रभर मनात घोळत राहिले. आजच्या भाषणाचा विषय त्यानेच मला दिला, असे म्हणायला हरकत नाही.

वाड्याचा कारभारी

हा 'आत बसलेला' म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली, जिला आपण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो. जुन्या वाड्यातला कारभारी आठवा. कोठीच्या किल्ल्या त्याच्याकडे, दारावर कोण आले हे तो पाहणार, धन्याचा निरोप तो पोहोचवणार. कार्यप्रणालीचे काम हेच. आपल्या फाइली कुठे ठेवायच्या, छपाईयंत्राला आज्ञा कशी द्यायची, कोणत्या प्रोग्रामला आत घ्यायचे, हे ती ठरवते. चांगल्या कारभाऱ्याचे लक्षण एकच. तो आहे हे जाणवू नये आणि काम मात्र व्हावे.

आपल्या देशात घरोघरी हा कारभारी बहुधा मायक्रोसॉफ्ट कंपनीचा 'विंडोज' असतो. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रमही त्याच वर्षी सुरू झाला आणि आपल्या लक्षावधी मुलामुलींची, शिक्षकांची, कर्मचाऱ्यांची संगणकाशी ओळख विंडोजवरच झाली. एक्सपी आणि नंतर २००९ चे विंडोज ७ यांच्याविषयी लोक आजही आपुलकीने बोलतात. त्यांत दोष नव्हते असे नाही. पण ती आपली पायरी ओळखून वागत.

ओसरी आणि हातपाय

२०१५ च्या जुलैमध्ये विंडोज १० आले. आधीच्या दोन आवृत्त्या वापरणाऱ्यांना ते वर्षभर विनामूल्य दिले गेले. फुकटचे कोणाला नको असते? परंतु ज्यांना नको होते, त्यांच्याही गळी ते उतरवले जाऊ लागले. कॅलिफोर्नियातील प्रवासव्यवसाय करणाऱ्या एका महिलेचा संगणक न मागितलेल्या या बदलाने निकामी झाला. तिने दावा लावला आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने दहा हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

त्याच २०१६ च्या फेब्रुवारीत कुलूपबंद पडद्यावर एका व्हिडिओ खेळाची जाहिरात झळकली. २०१७ च्या मार्चमध्ये आपल्या फाइली जिथे पाहायच्या, त्या खिडकीत कंपनीच्याच साठवणसेवेची जाहिरात आली. २०२४ च्या एप्रिलमध्ये विंडोज ११ च्या स्टार्ट मेनूमध्ये 'शिफारस' या सोज्वळ नावाखाली विक्रीची अ‍ॅप्स दिसू लागली. ओसरी दिली की हातपाय पसरण्याची म्हण आपण लहानपणीच शिकलो आहोत.

वृत्तपत्रात जाहिराती असतातच की, असे कोणी म्हणेल. मी त्याच व्यवसायातला आहे, म्हणून उत्तर देतो. वृत्तपत्र जाहिरात घेते, त्यामुळे अंक वाचकाला उत्पादनखर्चाहून स्वस्त मिळतो. हा व्यवहार उघड आहे. विंडोजची किंमत मात्र बहुतेक नव्या संगणकांच्या किमतीत आधीच धरलेली असते. ग्राहक एकदा पैशाने मोल देतो आणि पुन्हा रोज लक्ष देऊन मोल चुकवतो. शिवाय बातमी आणि जाहिरात यांच्यामध्ये रेघ ओढणे हा आमच्या व्यवसायाचा संकेत आहे. ती रेघ पुसणाऱ्या संपादकाला वाचक जाब विचारतो. जाहिरातीला 'शिफारस' म्हणणाऱ्या कारभाऱ्याला जाब कोण विचारणार?

तपासनीस कुठे गेला?

दुसरी तक्रार दर्जाची. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अठरा हजारांपर्यंत नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. त्यांतल्या बहुसंख्य नोकियाच्या होत्या, पण प्रणाली तपासणाऱ्या जागांवरही कुऱ्हाड आली. त्याच वर्षी नव्या आवृत्त्या आधीच वापरून दोष कळवणाऱ्या हौशी स्वयंसेवकांची योजना सुरू झाली. कल्पना वाईट नव्हती. परंतु पगारी तपासनिसाची जागा हौशी माणसाने घेतली की काय होते, ते २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये दिसले. त्या महिन्यातल्या अद्ययावतीकरणाने काही वापरकर्त्यांच्या फाइलीच पुसल्या. कंपनीला काही दिवसांतच ते थांबवावे लागले आणि दुरुस्त आवृत्ती नोव्हेंबरमध्ये आली. बाधितांचे प्रमाण अत्यल्प होते, हे कंपनीचे म्हणणे खरे मानू. पण काही स्वयंसेवकांनी हाच दोष आधी कळवला होता आणि ती तक्रार इतर हजारोंच्या ढिगात दबून गेली होती. ज्याच्या घरातील छायाचित्रे गेली, त्याच्या दृष्टीने नुकसान शंभर टक्केच होते.

किल्ल्या कुणाकडे?

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. म्हणजे संगणक बंद पडला नाही, पण सुरक्षेची डागडुजी थांबली. विंडोज ११ साठी विशिष्ट सुरक्षा-चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. सुरक्षेचे कारण खोटे नाही. परंतु त्यामुळे जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागतील, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने २०२३ मध्ये वर्तवला होता. घरगुती ग्राहकांना वर्षभराची मुदत देऊ केली गेली, ती तीस डॉलर भरून किंवा कंपनीत खाते उघडून. विंडोज ११ च्या घरगुती आवृत्तीने तर पहिल्यांदा संगणक सुरू करतानाच इंटरनेट आणि कंपनीचे खाते सक्तीचे केले.

ही खाती, ही दूरस्थ साठवण, ही टपालसेवा अंगवळणी पडली की किल्ल्या कुणाकडे जातात, याचे उदाहरण आपल्याच देशात घडले. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियन भागीदारीमुळे गुजरातेतील वाडीनारच्या नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीवर निर्बंध लादले. भारताच्या कायद्याने तसा कोणताही निर्बंध नव्हता. तरीही मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली आणि कर्मचाऱ्यांना स्वतःचे ईमेल मिळेनासे झाले. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, त्यानंतर सेवा पूर्ववत झाली. बाजारातला तो केंद्रचालक जे म्हणाला, तेच येथे एका प्रचंड उद्योगाला म्हणावे लागले.

दोष केवळ परकेपणाचा नाही

या तालुक्यात स्वदेशी हा शब्द उच्चारताना बोलणाऱ्याने जपून उच्चारावा. कारण महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचे जन्मगाव आपल्याच आंबेगाव तालुक्यात आहे आणि डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचेच नाव आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईच्या काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाच्या गाडीपुढे आडवा झालेला तो बावीस वर्षांचा गिरणी कामगार केवळ कापडाच्या गाठीसाठी मेला नाही. आपल्या बाजारात काय चालावे हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे, यासाठी मेला.

म्हणून 'परदेशी तेवढे वाईट' असे सोपे उत्तर मी देणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या सर्वोच्च पदावर २०१४ पासून सत्या नडेला आहेत. विंडोज विभागाचे प्रमुख म्हणून ज्यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये विंडोज आता स्वतःहून कामे करणारी प्रणाली बनत असल्याचे जाहीर केले आणि वापरणाऱ्यांचा रोष ओढवून घेतला, ते पवन दावुलुरी आयआयटी मद्रासचे विद्यार्थी. माणूस आपला असला म्हणून व्यवहार आपला होत नाही.

दुसरे उदाहरण मुक्त प्रणालींतले घ्या. लिनक्सवर आधारलेल्या उबुंटूनेही २०१२ मध्ये संगणकातील शोधाच्या निकालांत अ‍ॅमेझॉनच्या वस्तू दाखवायला सुरुवात केली होती. मोह कुणालाही होतो. फरक पुढे आहे. त्या प्रणालीची आज्ञावली उघडी होती, आत काय चालते ते जाणकारांना वाचता आले आणि टीकाही उघड झाली. शेवटी २०१६ च्या आवृत्तीत ती सोय मुळातच बंद ठेवली गेली. कारभारी साधू असावा, ही अपेक्षा भाबडी आहे. त्याची वही तपासता यावी आणि प्रसंगी त्याला बदलता यावे, ही अपेक्षा रास्त आहे.

आणि एक कटू सत्य आपल्याविषयीही. वर्षानुवर्षे आपण चोरीच्या सीडीवरून विंडोज बसवले आणि त्यात काही गैर आहे असे आपल्याला वाटलेच नाही. ज्याने मोल दिले नाही, त्याला दर्जाबद्दल जाब विचारण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. स्वदेशीची सुरुवात प्रामाणिकपणापासून होते.

मग आपण काय करावे?

पहिले, जे आहे ते नीट वापरावे. विंडोजमधील बहुतेक 'शिफारशी' आणि 'सूचना' सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करता येतात. शाखेतील, महाविद्यालयातील एखादा जाणता तरुण रविवारी दोन तास देईल, तर गल्लीतले दहा संगणक शांत होतील. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवण्याची सवयही त्याच वेळी लावावी.

दुसरे, ग्राहक म्हणून जागे व्हावे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तेव्हा प्रश्न धान्य-तेलाचा होता. आज तो पडद्यावर आला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत तेरा प्रकार आहेत. सारखे टोचत राहणे, छुपी जाहिरात आणि सक्तीची कृती हे त्यांपैकीच तीन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आपण तक्रार नोंदवली नाही, तर त्रास झाला याचा पुरावाच राहत नाही.

तिसरे, जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यावर मुक्त प्रणाली चालते का, ते पाहावे. त्यासाठी आधी काही पुसावेही लागत नाही, पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. युनिकोड मराठी तिच्यावर उत्तम लिहिता येते. केरळच्या सरकारी शाळांत दीड दशकाहून अधिक काळ मुले अशाच प्रणालीवर शिकत आहेत. आपल्या सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय भाषांची प्रणाली आणली, पण आपण तिची दखल किती घेतली?

अडचणी लपवणार नाही. हिशेबाची टॅली, काही डिजिटल स्वाक्षऱ्यांची साधने, काही छपाईयंत्रे आणि आमच्या वृत्तपत्रसृष्टीतले जुने मराठी टंक विंडोजवरच अडून बसतात. त्यामुळे अर्ज भरणाऱ्या केंद्राने उद्याच सारे बदलावे, असे मी म्हणणार नाही. परंतु मुलांच्या अभ्यासासाठी, ग्रंथालयासाठी, आश्रमशाळेतल्या सरावासाठी ही अडचण येत नाही. पुण्या-मुंबईच्या घरांत कपाटावर ठेवलेला धडधाकट संगणक डिंभ्याच्या पलीकडच्या एखाद्या शाळेत आणखी पाच वर्षे काम करू शकेल. हे सेवाकार्य आहे आणि ते करायला मोठ्या निधीची गरज नाही.

जाता जाता कालच्या प्रसंगाचा शेवट सांगतो. त्या मुलीचा अर्ज अखेर भरला गेला. पावती हातात पडताच ते गृहस्थ तिला घेऊन स्थानकाकडे धावत सुटले. एसटी मिळाली की नाही, मला ठाऊक नाही. तिकडे अमेरिकेत बसून स्टार्ट मेनू रचणाऱ्याला ती एसटी दिसत नाही, आणि त्याने ती पाहावी अशी अपेक्षाही नाही. पण आपल्याला ती दिसते. ज्याला दिसते, जबाबदारी त्याची.