श्रमाचा साक्षीदार



कायदा घडतो संसदेत. परंतु त्याची कसोटी लागते ती कारखान्याच्या फाटकावर आणि वीटभट्टीच्या धुरात. ही कसोटी ज्याच्या हाती सोपविलेली असते, तो कामगार निरीक्षक शासनयंत्रणेत फार मोठा अधिकारी नसतो. मात्र ज्या श्रमिकाला न्यायालयाची पायरी चढण्याची ऐपत नाही, त्याच्या दृष्टीने तोच शासन असतो.

श्रमाच्या मोबदल्यावर राज्यसंस्थेची देखरेख असावी, हा विचार या भूमीला नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘धर्मस्थीय’ अधिकरणात, कर्मकर आणि मालक यांच्यातील करार शेजाऱ्यांना ठाऊक असावा, असे सांगितले आहे. वेतन न देणाऱ्यास तेथे दंडही आहे. कराराला साक्षीदार हवा, हे त्यामागचे सूत्र. आजच्या काळात तो साक्षीदार म्हणजे निरीक्षक.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा कामगार निरीक्षणविषयक १९४७चा ठराव भारताने १९४९ साली स्वीकारला. ज्या आस्थापनेची तपासणी करावयाची, तिच्यात निरीक्षकाचा हितसंबंध नसावा आणि तक्रार करणाऱ्याचे नाव त्याने गुप्त राखावे, ही त्यातील दोन महत्त्वाची बंधने होत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता अमलात आल्या. २०१९च्या वेतन संहितेने या अधिकाऱ्याला ‘निरीक्षक तथा सुविधाकर्ता’ असे नवे रूप दिले. त्यामागे कारण होते. तपासणीच्या नावाखाली होणाऱ्या अडवणुकीने लघुउद्योजक त्रासले होते, ही तक्रार निराधार नव्हती. परंतु सुविधा कोणाची, हा प्रश्न उरतोच. संहितेचे उत्तर स्पष्ट आहे : सल्ला द्यावयाचा तो मालकालाही आणि कामगारालाही.

नोंदवह्या न ठेवण्यासारख्या चुकांत खटल्यापूर्वी मालकाला सुधारणेची लेखी संधी मिळते. देय रकमेपेक्षा कमी वेतन देणे मात्र या सवलतीत बसत नाही. त्याला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. वेतन दिले, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही मालकावरच आहे. कामगाराला दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. १९४८च्या किमान वेतन कायद्यात ती सहा महिन्यांची होती.

हे सारे अंगठा उठविणाऱ्या मजुराला कोण सांगणार? मुकादमासमोर विचारले, तर तो ‘सगळे मिळते’ असेच म्हणणार. त्याला बाजूला घेऊन विचारणे, हजेरीपटावरील नावे प्रत्यक्ष माणसांशी ताडून पाहणे आणि सहीपुढची रक्कम खरोखर हाती पडली का, याची खातरजमा करणे, हेच खरे निरीक्षण. संगणकावर भरलेला तक्ता या कामाची जागा घेऊ शकत नाही.

आणखी एक कर्तव्य सहसा विस्मरणात जाते. प्रचलित कायद्यांच्या कक्षेत न येणारे दोष व गैरप्रकार शासनाच्या निदर्शनास आणणे, हेही संहितेने याच अधिकाऱ्याकडे दिले आहे. म्हणजे तो केवळ कायद्याचा पहारेकरी नव्हे, तर शासनाचा डोळाही आहे.

हा डोळा मिटला, तर उत्तमातील उत्तम कायदाही राजपत्रातच राहील. तो उघडा राहिला, तर प्रामाणिक उद्योजकाला भय नाही आणि श्रमिकाला याचना करावी लागणार नाही. अशा अधिकाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे आणि कर्तव्यात चुकणाऱ्याला जाब विचारणे, हे जागृत समाजाचे काम आहे.