आईची शिदोरी



मृगाचा पाऊस झाला की आपल्या वाशीमच्या परिसरात डबकी भरतात, रात्रभर बेडकांचा गलका चालतो, आणि सकाळी पाण्यात भिजविलेल्या साबुदाण्यासारखी अंडी दिसतात. त्या एकेका दाण्यात काय साठविलेले असते, ते आज सांगावयाचे आहे.

शरीरातील प्रथिने पेशीतल्या रायबोसोम नावाच्या सूक्ष्म कारखान्यांत घडतात. या कारखान्यांचा मुख्य भाग ज्या जनुकांवरून तयार होतो, ती जनुके केंद्रकातील केंद्रकी नामक ठिपक्यात असतात. शास्त्रज्ञांनी अभ्यासासाठी झेनोपस हा आफ्रिकी बेडूक घेतला. त्याच्या एका गुणसूत्र-संचात ही जनुके सुमारे ४५० असतात. पण अंडे घडताना त्यांच्या लक्षावधी प्रती निघतात, केंद्रकी हजारावर जातात, आणि पक्व अंड्यात सुमारे एक लाख कोटी रायबोसोम साठतात.

एवढा साठा कशाला? १९५८ साली ऑक्सफर्ड येथे एकच केंद्रकी असलेले बेडूक आढळले. अशा नरमादींच्या पिलांपैकी चौथा हिस्सा केंद्रकीवाचून जन्मला. ही पिले नवे रायबोसोम मुळीच करीत नाहीत, हे १९६४ साली ब्राउन व गर्डन यांनी दाखविले. तरीही ती अंड्यातून बाहेर पडली, पोहू लागली आणि मग मेली. तोवर ती आईच्या शिदोरीवर जगत होती!

निरोगी गर्भातही ही जनुके आरंभी मुकीच असतात. काही काळाने ती बोलू लागतात. १९६५ साली गर्डन व ब्राउन यांनी बोलू लागलेल्या पेशीचे केंद्रक काढून अंड्यात घातले. ते गप्प झाले, आणि पुन्हा योग्य वेळ आल्यावरच बोलले. म्हणजे आज्ञा केवळ जनुकाची नव्हे, भोवतालच्या पेशीचीही असते.

ती आज्ञा पाळली जाते कशी? डीएनएचा धागा हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात. एका रिळात हिस्टोनचे आठ रेणू असतात, हे १९७४ मध्ये कळले. जोमाने वाचल्या जाणाऱ्या रायबोसोमी जनुकांवरची रिळे बहुतांशी उतरलेली असतात. मुकी जनुके गुंडाळलेली राहतात.

श्रोतेहो, घरात पोथी असणे निराळे आणि ती वेळेवर सोडणे निराळे. आपल्याही यकृताच्या आणि डोळ्याच्या पेशींत पोथी एकच आहे. फरक आहे तो कोणते पान उघडले याचा. यंदा डबक्याकाठी जाल, तेव्हा हे आठवावे, एवढीच विनंती.